पंगतीचे आमंत्रण आणि रिकामी पत्रावळ

दरसाल बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील कुणबी, सुतार, लोहार, कुंभार यांच्या घरांत एकच घोर सुरू होतो : पोराला, पोरीला पुढे धाडावे की नाही? त्याच सुमारास विद्यापीठांची माहितीपत्रके निघतात, आणि त्यांत ‘सर्वसमावेशक’ व ‘गुणवत्तापूर्ण’ हे दोन शब्द असावयाचेच. शब्द चांगले आहेत, आमचे त्यांच्याशी भांडण नाही. पण पंगतीचे आमंत्रण सर्वांस पोहोचल्यावर पत्रावळीवर काय वाढले, हे आम्ही विचारणारच.

1882 साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे हेच मांडले की, सरकारचा वसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा रयतेचे पोर विद्यापीठाच्या वाऱ्यासही उभे नव्हते. आज ते आत गेले आहे, परंतु ते कोणाच्या मेहेरबानीने गेलेले नाही. शाहू छत्रपतींनी 1901 पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, शिंपी, सोनार अशा जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली व करविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांना दाणा पुरेना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1947 मध्ये साताऱ्यास कॉलेज निघाले, तेथे ‘कमवा व शिका’ हाच पाया होता. पुढे 1962 साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले, डॉ. आप्पासाहेब पवार त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि दक्षिण महाराष्ट्रातील पोरांची पुण्याची वारी चुकली. त्या विद्यापीठातही ‘कमवा व शिका’ आली, हे आम्ही आनंदाने नमूद करतो.

आता काही विद्वान नाके मुरडून म्हणतात की, ही गर्दी आत आली म्हणून दर्जा गेला. वा रे न्याय! राज्याच्या सरकारी विद्यापीठांत व कॉलेजांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, तासावर मजुरी घेणाऱ्या शिक्षकांकडून वर्ग उरकून घेतले गेले. तो बिचारा शिक्षक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पळतो; पोरांच्या शंका त्याने ऐकाव्या केव्हा? विहिरीला मोट नाही आणि दोष मात्र पिकाला! भाऊरावांची पोरे सकाळी रान खणून मग धड्याला बसत. त्यांच्यामुळे दर्जा बुडाला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

दुसरी अडचण भाषेची. पोर मराठी शाळेत शिकते आणि शास्त्राच्या वर्गात पहिल्याच दिवशी इंग्रजीचा भडिमार सुरू होतो. पोर मंद नसते, त्याला फक्त ऐकू आलेले कळत नाही. लाजेने ते गप्प बसते, आणि दुसऱ्या वर्षी आपल्या घराच्या ओट्यावर दिसते. विद्यापीठाने पहिले सहा महिने अशा मुलांसाठी सायंकाळी वेगळा वर्ग चालवावा, म्हणजे निम्मी गळती थांबेल, असे आमचे मत आहे.

मुलींविषयी एक गोष्ट बरी झाली. 2024 साली सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या ठराविक वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी माफ केली. पण खोलीचे भाडे आणि खाणावळ यांना माफी नाही, आणि लेकीचे शिक्षण अडते ते तेथेच. वसतिगृहात जागा नसेल तर बाप फीमाफीचा कागद घेऊन काय करणार?

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, नाव घालण्यापूर्वी कचेरीत उभे राहून विचारा : या विषयाला कायमचे शिक्षक किती? मुलींच्या वसतिगृहात खाटा किती? ‘कमवा व शिका’त यंदा किती मुले घेणार, आणि त्यांना काम शेतात व प्रयोगशाळेत देणार की नुसती झाडलोट? आणि ज्या घरांत पदवी मिळविलेला मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी विद्यापीठाच्या पदवीधर मतदारयादीत नाव नोंदविलेच पाहिजे. अधिसभेवर पदवीधरांचे सभासद त्याच मतांनी निवडून जातात. आमच्या घरांतील किती नावे त्या यादीत आहेत, ते गावोगाव मोजावे.