हरवलेच नव्हते, मग सापडले कसे?

१/ १९९९मध्ये डेव्हिड बर्न यांच्या ल्युआका बॉप या अमेरिकी कंपनीने ‘ओस म्यूटांटेस’ या ब्राझिलियन बँडच्या निवडक गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हापासून पाश्चात्त्य संगीतलेखनात एक विधान रूढ झाले : साठच्या दशकातील हा ‘विस्मृत’ सायकेडेलिक बँड अखेर ‘शोधला’ गेला. विधान निरुपद्रवी भासते. इतिहास म्हणून ते टिकत नाही. #थ्रेड

२/ साओ पाउलो, १९६६. आर्नाल्डो बाप्तिस्ता, त्यांचा धाकटा भाऊ सर्जिओ डायस आणि रिता ली. थोरला भाऊ क्लाउदिओ सेझार गिटारी आणि आवाज बदलणारी यंत्रे स्वतःच्या हाताने घडवत असे. १९६८च्या पहिल्या अल्बममधील एका गाण्यात तर झांजेऐवजी डास मारायचा फवारणीचा पंप वाजतो.

३/ १७ जुलै १९६७ रोजी साओ पाउलोत इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध मोर्चा निघाला. हे वाद्य म्हणजे अमेरिकी सांस्कृतिक आक्रमण, ही त्यामागची भूमिका. मोर्चात एलिस रेजिना होत्या आणि जिल्बेर्तो जिलही. त्याच जिल यांनी तीन महिन्यांनी टीव्ही रेकॉर्डच्या गीतमहोत्सवात म्यूटांटेसना इलेक्ट्रिक गिटारसह साथीला घेतले आणि दुसरे पारितोषिक मिळवले.

४/ सप्टेंबर १९६८मध्ये काएतानो वेलोसो यांना साथ करताना या बँडवर टोमॅटो आणि अंडी फेकली गेली. फेकणारे श्रोते बव्हंशी डाव्या विचारांचे विद्यार्थी होते. दुसऱ्या बाजूला १९६४पासून लष्करी राजवट. दोन्ही बाजूंना नकोसा झालेला बँड दुर्लक्षित होता, असे कोण म्हणेल?

५/ १३ डिसेंबर १९६८ : ‘संस्थात्मक अधिनियम क्र. ५’. संसद बंद, राजकीय गुन्ह्यांत हेबियस कॉर्पस स्थगित, सेन्सॉरशिप कठोर. दोनच आठवड्यांत काएतानो आणि जिल अटकेत. १९६९मध्ये दोघांची लंडनला रवानगी. ज्या ट्रॉपिकालिया चळवळीत म्यूटांटेस उभे होते, तिचा कणा असा मोडला गेला. विस्मरण आपोआप घडते. अटक आणि हद्दपारी कोणीतरी घडवून आणतो. ‘विस्मृत’ या शब्दाआड तो कर्ता नेमका लपतो.

६/ आणि जगाला ते ऐकू का आले नाहीत? १९७०मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये परदेशी श्रोत्यांसाठी एक अल्बम ध्वनिमुद्रित केला, बराचसा इंग्रजीत. तो प्रसिद्ध झाला २०००मध्ये. दार ठोठावले गेले होते. ते उघडायला तीस वर्षे लागली. या विलंबाला ‘शोध’ म्हणणे हा उद्दामपणा आहे.

७/ या कथेत सर्वाधिक अन्याय होतो तो रिता ली यांच्यावर. १९७२मध्ये त्या बँडबाहेर पडल्या; आपल्याला काढण्यात आले, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले. पुढे त्या ब्राझीलमधील सर्वाधिक खपाच्या कलावंतांपैकी एक झाल्या. २०२३मध्ये त्यांच्या निधनानंतर तीन दिवसांचा शासकीय दुखवटा जाहीर झाला. ज्या बँडची गायिका देशभर घराघरांत ऐकली जात होती, तो बँड हरवला होता म्हणे!

८/ आक्षेप येईल : कर्ट कोबेन यांनी १९९३मध्ये आर्नाल्डोंना चिठ्ठी लिहिली, बर्न यांनी संग्रह काढला, म्हणूनच तर २००६मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये पुनर्मीलन झाले. नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचे हे श्रेय निर्विवाद त्यांचे. परंतु १९८९मध्येच ब्राझीलमध्ये आर्नाल्डोंच्या गाण्यांचा गौरव-अल्बम निघाला होता. त्यात सेपुल्तुरासारखा मेटल बँडही होता. १९९५मध्ये कार्लोस कालादो यांनी बँडचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. स्मृती जपणारे घरातच होते. ते पोर्तुगीजमध्ये लिहीत होते, इतकेच.

९/ ब्राझीलला हा अनुभव नवा नाही. १५००मध्ये काब्राल किनाऱ्यावर उतरला, तेव्हाही माणसांनी भरलेल्या भूमीचा ‘शोध’ लागला होता. संगीताच्या इतिहासाने तरी हे क्रियापद टाकून द्यावे. ‘सापडले’ नव्हे; ‘उशिरा ऐकले’ म्हणावे.