स्थिरचित्रापलीकडचा डीएनए

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात डीएनएचे एकच चित्र ठसलेले आहे. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली मांडलेला, गोल जिन्यासारखा वर चढत जाणारा तो देखणा दुपदरी सर्पिल रेणू. परीक्षेत तो काढून आपण गुण मिळवले आणि पुढे चाललो. ते चित्र खोटे नाही. परंतु ते छायाचित्र आहे, आणि छायाचित्रावरून माणसाची चाल कळत नाही. या रेणूची, आणि त्याहून अधिक त्याच्या चंचल भावंडाची, म्हणजे आरएनएची चाल आज औषधोपचारापर्यंत येऊन पोहोचली आहे. वैद्यकाच्या शिक्षणात मात्र तिला नावापुरतीही जागा नाही, ही गोष्ट मला खटकते.

ही चाल पाहण्याचे साधन आपल्याला परके नाही. एमआरआय ज्या तत्त्वावर चालते तेच एनएमआरचे. रुग्णांना धास्ती वाटू नये म्हणून ‘न्यूक्लिअर’ हा शब्द तेवढा रुग्णालयाच्या दाराबाहेर ठेवला गेला. एमआरआय ऊतींतील मुख्यतः पाण्याच्या हायड्रोजनचे संकेत टिपते. प्रयोगशाळेतील एनएमआर एकाच रेणूच्या द्रावणात निरनिराळ्या अणूंचे संकेत वेगळे ओळखते. त्यासाठी रेणू कार्बन-१३ व नायट्रोजन-१५ या समस्थानिकांनी अंकित करतात. एखादा अणू दोन अवस्थांमध्ये ये-जा करीत असेल, तर त्याचा संकेत अधिक लवकर विरतो. रेडिओलहरींचे बळ बदलत हा विरण्याचा वेग मोजला, की प्रत्यक्ष न दिसणारी दुसरी अवस्था किती प्रमाणात आहे आणि किती काळ टिकते, याचे गणित मांडता येते. आपले रेडिओलॉजिस्ट मित्र ज्याला टी-टू म्हणतात, त्याचाच हा जवळचा आप्त.

या मार्गाने जे कळले ते विलक्षण आहे. डीएनएतील बेसच्या जोड्या क्षणभर उघडतात आणि पुन्हा मिटतात, हे फ्रान्समध्ये गेराँ व लरॉय यांनी १९८०च्या दशकात हायड्रोजनच्या देवाणघेवाणीवरून मोजले. त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविल, होसूर आणि त्यांचे सहकारी द्रावणातील डीएनएच्या रचनेवर एनएमआरनेच काम करीत होते. पुढे २०११ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाने दाखवले, की अगदी सामान्य डीएनएतही काही बेस मिलिसेकंदाच्या आसपास उलटे फिरून वेगळ्याच पद्धतीची, हूगस्टीन जोडी जुळवतात. हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. पण शून्य नव्हे! जी आणि टी यांची विजोड जोडी क्षणिक रूपांतराने अस्सल जोडीचे सोंग घेते, हेही २०१५ साली याच तंत्राने उघड झाले. उत्परिवर्तन अशा सोंगातून घडत असावे, ही शंका १९५३ सालीच व्यक्त झाली होती. कोणत्याही किरणांचा किंवा विषाचा स्पर्श नसताना जनुकात चूक का शिरते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा येथे हाती लागतो.

“यात आमच्या रुग्णाचे काय?” असे माझे एक व्यवहारी स्नेही विचारतात. एचआयव्हीच्या आरएनएतील ‘टार’ नावाच्या तुकड्याच्या हालचाली एनएमआरने बारकाईने नोंदवल्या गेल्या, तरी त्यावर बेतलेले औषध अद्याप बाजारात आलेले नाही, हे त्यांना मी प्रांजळपणे सांगतो. मग स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीकडे वळतो. ज्या बालकांच्या आईवडिलांना धीराच्या शब्दांपलीकडे काही देता येत नव्हते, त्यांच्यासाठी रिसडिप्लाम हे तोंडाने घेण्याचे औषध अमेरिकेत २०२० साली संमत झाले. ते पेशींवरील चाचण्यांतून शोधले गेले, एनएमआरने नव्हे. परंतु त्याच कुळातील एक रेणू नेमके काय करतो, हे झुरिकच्या संशोधकांनी २०१९ साली एनएमआरने दाखवले. एसएमएन-२ जनुकाच्या आरएनएतील एका जोडावर एक ॲडेनिन फुगवट्यासारखे सैल राहते. औषधाचा रेणू तेथे बसून ते स्थिर करतो, आणि वगळला जाणारा सातवा एक्झॉन राखला जातो. एका सैल ॲडेनिनवर बालकाचे बसणे-उठणे अवलंबून असावे, हे कळल्यावर ‘आमच्या रुग्णाचे काय’ हा प्रश्न माझ्यापुरता संपतो.

संगणकाने प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करण्याच्या कामाला २०२४ साली नोबेल मिळाले. चित्रे आता झपाट्याने मिळू लागली आहेत. म्हणूनच हालचाल मोजणाऱ्या या संथ, खर्चिक विद्येला अनुदान देताना हात आखडता घेऊ नये, असे मला वाटते. जनुकीय तपासणीचा अहवाल आपल्याला अक्षरे सांगतो. ती अक्षरे शरीरात कशी वागतात, हे त्यात लिहिलेले नसते.

इंदूरहून मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आपल्या मंडळाच्या पुढील व्याख्यानासाठी हृदयरोग व मधुमेह यांना एक वर्ष विश्रांती देऊन एखाद्या एनएमआर संशोधकाला पाचारण करावे, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. पहिल्या रांगेतील खुर्च्या रेडिओलॉजिस्ट मंडळींसाठी राखून ठेवाव्यात. प्रश्न तेच अधिक नेमके विचारतील.