घाटावरचे इतिहासलेखन आणि जळालेले आरमार

१६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणच्या संग्रामदुर्गात शाहिस्तेखानाला जवळपास दोन महिने झुंजविले, हे आमचे विद्यार्थी अभिमानाने सांगतात. १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात काय जळाले, असे विचारले की वर्ग गप्प. दोष पोरांचा नव्हे. आरमाराचा विषय शिवचरित्राच्या एका प्रकरणात आटोपणाऱ्या आमच्या ग्रंथकारांचा आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी, कान्होजी आंग्र्यांचा गौरव, आणि १७२९ साली कान्होजी वारले की समुद्रच मिटतो!

पुढचे अवघड आहे म्हणून तर नव्हे? नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला. १७५५त सुवर्णदुर्ग पडला, पुढल्या फेब्रुवारीत वॉट्सन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. तुळाजी उद्दाम होता, हे समर्थन आम्हांस ठाऊक आहे. परंतु उद्दाम सरदारास वठणीवर आणणे निराळे, त्यासाठी परक्यांच्या युद्धनौका बोलावणे निराळे. अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण राखले होते. ती समज अवघ्या चाळीसेक वर्षांत कोठे गेली?

हा प्रश्न मराठीत सविस्तर मांडावयास हवा. बी. के. आपटे यांचा मराठा आरमारावरील ग्रंथ १९७३ साली निघाला, तो इंग्रजीत. (मराठीत पोवाडे उदंड.) वॉट्सन-क्लाइव्हची तीच जोडी १७५६च्या अखेरीस हुगळीत शिरली. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक पुस्तकांत ती थेट बंगालमध्येच उगवते, विजयदुर्गाचा उल्लेखही न होता.