परखी पोत्याला, धसका पोराला

बाजारांत अडत्या आपल्या ज्वारीच्या पोत्यांत परखी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि साऱ्या गाडीचा भाव सांगतो. सारें पोतें ओतून कोणी पाहत नाहीं. सरकारही शाळांची पाहणी अशीच करतें. 12 नोव्हेंबर 2021 रोजीं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालें. देशांतील 1 लाख 18 हजारांवर शाळा निवडून तिसरी, पांचवी, आठवी व दहावीच्या सुमारें 34 लाख मुलांस प्रश्न घातले. दहावीस गणित होतें, इंग्रजीही होतें. ह्यांत कोणी पास नाहीं कीं नापास नाहीं. परीक्षा मुलाची नव्हे, त्यास शिकविणाऱ्या कारभाराची होती.

हें आमच्या लोकांस कोणीं नीट सांगितलें नाहीं. आमची आठवी निवडली गेली तेव्हां एक कुणबी बाप शाळेंत आला. "गुरुजी, पोरगं चुकलं तर वर्ष बुडंल का?" आम्हीं त्यास धीर दिला, पण खरें बोलावयाचें तर धसका आम्हांसच होता. वरून सूचना आली, आणि दिवाळीआधीं कांहीं दिवस दुसरें सारें बाजूस ठेवून आम्हीं मुलांकडून उत्तराचे गोळे काळे करण्याचा सराव घेतला. पोत्याच्या तोंडाशीं चांगला दाणा पसरणाऱ्यास आपण लबाड म्हणतों. मग आम्हांस काय म्हणावें?

आतां निकाल पाहा. गणितांत देशाची सरासरी 500 पैकीं तिसरीस 306, पांचवीस 284, आठवीस 255 आणि दहावीस 216! दहावीचें इंग्रजी 277. मुलें वेगळीं, प्रश्न वेगळे, आणि महामारीनें शाळा बंद होत्या, हें सारें धरलें तरी उतार डोळ्यांत भरतो. 4 डिसेंबर 2024 रोजीं तिसरी, सहावी व नववीची पाहणी झाली. तींतही नववीची गणितांतील सरासरी शंभरांत 37 च.

आमचा बांधव पोर दहावीस गेला कीं शेळी विकून त्यास इंग्रजीच्या शिकवणीस घालतो. इंग्रजी हवें, त्यास आमची ना नाहीं. पण गळती खालीं लागली आहे, अपूर्णांकाजवळ. सुताराचा पोर घरीं बापाबरोबर फळी मापतांना तीन सूत अचूक सांगतो. तोच शाळेंत तीन-अष्टमांश दिसले कीं गप्प बसतो. अहो, तीन सूत म्हणजेच इंचाचे तीन-अष्टमांश! हें त्यास कोणीं सांगावयाचें? आमचें शिकविणेंच कोरडें, दोष पोराच्या डोक्याचा नाहीं. आणि एकट्या मास्तरानें तीन वर्ग हांकावयाचे म्हटल्यावर तें ओलें तरी कसें व्हावें? खालच्या शाळा उपाशी ठेवून वरच्या शिक्षणावर रयतेचा पैसा खर्च होतो, ही तक्रार जोतीरावांनीं 1882 सालींच हंटर कमिशनापुढें मांडली होती.

2021 च्या पाहणीचे जिल्हावार निकाल सरकारनें प्रसिद्ध केले आहेत. गांवच्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीन-चतुर्थांश सभासद आईबापच असतात. येत्या बैठकींत आपल्या जिल्ह्याचा कागद मागा. पांचवीस गणित कोण शिकवितो, त्याच्याकडे आणखी किती वर्ग आहेत, शिक्षकाची जागा रिकामी किती दिवस आहे, हें विचारा. आम्हांसही विचारा, राग मानणार नाहीं.