शिक्का घेतला, मोर्तब राहिले

महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत मधोमध दिवा आहे, भोवती कमळाच्या सोळा पाकळ्या आणि कडेने संस्कृत श्लोक. अक्षरे इतकी बारीक की तो सहसा कोणी वाचत नाही. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरचाच असणार, असे धरून चालतो. तो तसाच्या तसा नाही. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंद्य अशी ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, हा आशय कायम आहे. मात्र ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ काढून तिथे ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ घातले आहे. अनुष्टुभाच्या एका चरणातली आठ अक्षरे गेली, दुसरी आठ आली. छंद ढळला नाही, षष्ठी विभक्तीही तीच. बदलला तो मालक. शहाजीपुत्र शिवाची मुद्रा आता राज्याची झाली. राजसत्तेकडून लोकसत्तेकडे येताना परंपरा कशी राखावी, याचा इतका नेटका नमुना क्वचितच सापडेल.

आजच्या सरकारी जाहिराती मात्र हाच बदल उलटा फिरवतात. पानभर जाहिरातीत नेत्यांचे चेहरे मोठे आणि मुद्रा कोपऱ्यात नखाएवढी. योजनेचा पैसा राज्याचा, श्रेय चेहऱ्याचे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये अशा जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचे छायाचित्र नको, असे सांगितले होते. केंद्राने आणि काही राज्यांनी फेरविचाराची मागणी केली आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री यांनाही मुभा मिळाली. कायद्याने वाट मोकळी झाली, पण औचित्याचा प्रश्न उरलाच.

यावर म्हटले जाते की, पंतप्रधानांचे छायाचित्र चालते, तर मुख्यमंत्र्यांचे का नको? शिवाय निवडून दिलेला माणूस लोकांना दिसलाच पाहिजे. त्यातूनच उत्तरदायित्व येते. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्यातून निघतो तो इतकाच अर्थ की दोघांचेही नको. दुसरा मुद्दा टिकत नाही. अतिक्रमण हटवण्याच्या नोटिशीवर किंवा जप्तीच्या आदेशावर मंत्र्यांचा हसरा चेहरा कोणी पाहिला आहे? तिथे अधिकाऱ्याची सही आणि कार्यालयाचा शिक्का असतो. देताना चेहरा आणि घेताना शिक्का, याला उत्तरदायित्व म्हणत नाहीत. आणखी एक आक्षेप असा की, संस्कृत श्लोक सामान्यांना कळतच नाही, मग मुद्रा मोठी छापून काय साधणार? हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय सोपा आहे. जाहिरातीत चेहऱ्यांना जेवढी जागा मिळते, तिच्या दहाव्या हिश्शात श्लोकाचा मराठी अर्थ सहज मावेल.

महाराजांच्या पत्रांवर दोन मुद्रा असत. माथ्यावर राजमुद्रा आणि मजकूर संपला की लहानशी ‘मर्यादेयं विराजते’. पत्र इथे संपले, यापुढे कोणी काही वाढवू नये, हे सांगणारी ही मोर्तबाची मुद्रा. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण या जोडीवरूनच वापरतो. लोकशाहीने माथ्यावरचा शिक्का घेतला आणि त्यावरचे नाव नेमके बदलले. शेवटी उठवायची मर्यादा मात्र घ्यायची राहून गेली.