घरातली मारहाण अंगणवाडीच्या ताईंना कळते. पुढे त्या काय करू शकतात?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीभोवती अनेक कामगार कुटुंबं एका खोलीत राहतात. तिथे मारहाण मुलांच्या डोळ्यांदेखत होते. चार वर्षांचं मूल ते सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत ते बाहुलीला बदडतं, मोठ्या आवाजाला दचकतं, सुटण्याच्या वेळी ताईंचा पदर सोडत नाही. एवढ्यावरून हिंसा सिद्ध होत नाही. तरी रोज मूल पाहणाऱ्या आणि गृहभेटीला सहज जाऊ शकणाऱ्या सेविकेला शंका सर्वांत आधी येते.

तक्रारीची वाट पाहण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात साधारण चारपैकी एका विवाहितेने नवऱ्याची हिंसा सोसली आहे. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या 77 टक्के महिलांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं.

आधी काय करू नये? नवऱ्याला जाब विचारणं, पालकसभेत विषय काढणं टाळावं. त्याचा राग रात्री बाईवरच निघतो. 'पोरांसाठी सहन कर' हेही नको. मुलाचं वजन करताना आई एकटी भेटते, तेव्हा हळूच विचारता येतं. महिला हेल्पलाइन 181 हा नंबर तोंडी सांगावा. घरी कागद सापडायला नको. मुलांसाठी 1098 आहे.

कायदा काय म्हणतो?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. ती सद्हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो.

जिथे संरक्षण अधिकारी नेमलेले नाहीत, तिथे महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्यांना ही जबाबदारी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी राज्यांना दिला. अंगणवाड्या याच विभागाच्या. म्हणजे कागदावर वाट जवळची आहे.

खरी अडचण गल्लीत आहे. सेविका तिथेच राहते, मानधनावर काम करते आणि 'कुणी सांगितलं?' याचं उत्तर नवऱ्याला लगेच मिळतं. कायदा खटल्यापासून वाचवतो, दारावरच्या दगडापासून नाही. त्यामुळे माहिती पर्यवेक्षिकेमार्फत जावी आणि सेविकेचं नाव बाहेर येऊ नये, ही काळजी विभागानेच घ्यायला हवी.

आई मुलाला घेऊन माहेरी, पैठणला किंवा जालन्याला गेली, तर पोषण ट्रॅकरवर मुलाचं नाव तिथल्या अंगणवाडीत हलवता येतं. तिला जाण्याआधीच हे सांगितलेलं बरं.