गेलेला भाडेकरू आणि राहिलेलें सामान

वाड्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानें देऊन घरखर्चास हातभार लावणारीं कुटुंबें जळगांव-धुळ्यास पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकत्र कुटुंबांत हें भाडें पुष्कळदां एखाद्या वृद्ध आत्याबाईंच्या हातखर्चासाठीं राखून ठेवलेलें असतें. अशा घरांतला भाडेकरू चार-सहा महिन्यांचें भाडें थकवून, सामान आंत ठेवून, दारास कुलूप लावून नाहींसा झाला म्हणजे मोठाच पेंच पडतो. तरुण मंडळी म्हणतात, कुलूप तोडा आणि सामान विकून भाडें वसूल करा. वडील मंडळी म्हणतात, कोर्टाची पायरी नको. पैसा बुडाला असें समजा. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

थकलेलें भाडें हें एक खातें, व राहिलेलें सामान हें दुसरें खातें, ही गोष्ट प्रथम मनांत पक्की करावी. भाडें थकलें म्हणून सामान आपलें होत नाहीं. इंग्लंडांत घरमालकास भाडेकरूचें सामान स्वतः अडकवून विकण्याचा फार जुना हक्क होता. तोही २००७ च्या कायद्यान्वयें २०१४ च्या एप्रिलपासून संपला. खानदेशांतील घरमालकाच्या हातीं तसा हक्क नाहींच.

आतां कुलुपाविषयीं. भाडेकरूनें किल्ली परत दिली किंवा खोली सोडल्याचें लिहून दिलें, तर ताबा आपणांकडे आला असें म्हणतां येतें. पण कुलूप त्याचें आणि सामान आंत, अशा स्थितींत ताबा त्याचाच मानला जाण्याचा संभव फार. कुलूप तोडल्यास १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या ६ व्या कलमाखालीं तो सहा महिन्यांच्या आंत दावा करून ताबा परत मागूं शकतो. घर आपल्या मालकीचें आहे हें उत्तर तेथें चालत नाहीं. शिवाय ट्रंकेंत दागिने होते असें तो म्हणूं लागला, तर आपण काय उत्तर देणार? सामान विकलें असल्यास अपहाराचा आरोपही अंगावर यावयाचा.

मग करावें काय? प्रथम लेखी नोटीस द्यावी. ती खोलीच्या तसेंच भाडेकरूच्या मूळ गांवच्या पत्त्यावर, पोंच मिळेल अशा टपालानें पाठवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आहे. त्याप्रमाणें थकबाकीच्या कारणावरून ताबा मागणें असल्यास नोटीस पोंचल्यापासून ९० दिवस थांबावें लागतें. दाव्याचें समन्स पोंचल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनें सर्व बाकी, दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला, तर त्या कारणावरून खोली खालीं करून मिळत नाहीं. सबळ कारणावांचून खोली सलग सहा महिने वापरांत नसणें हेंही ताबा मागण्याचें स्वतंत्र कारण आहे. घर लीव्ह अँड लायसन्स करारानें राहण्यास दिलें असेल, तर मुदत संपल्यावर २४ व्या कलमाखालीं सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. मुदतीनंतरच्या काळाची दुप्पट आकारणीही मागतां येते. करार लेखी व नोंदलेला असावा, आणि ही जबाबदारी ५५ व्या कलमानें घरमालकावरच टाकली आहे. तसा करार नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरलें जातें. तें खोटें ठरविणें आपल्या माथीं येतें.

भाड्याचा हिशेब निराळा. अनामत रक्कम असल्यास कराराप्रमाणें ती वळती करून घ्यावी, आणि उरलेल्या बाकीचा दावा तीन वर्षांच्या आंत लावावा. प्रत्येक महिन्याच्या भाड्याची मुदत तें देणें झाल्या दिवसापासून निराळी मोजली जाते, हें विसरूं नये. हुकूमनामा मिळाल्यावरही दिवाणी प्रक्रिया संहितेचें ६० वें कलम कांहीं वस्तु जप्तींतून वगळतें: ऋणको, त्याची पत्नी व मुलें यांचे जरूर ते कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, आणि धर्माचाराप्रमाणें स्त्रीस अंगावेगळे करतां येत नाहींत असे अलंकार. पळून गेलेल्या गरीब बिऱ्हाडाच्या खोलींत बहुधा याहून अधिक काय असतें? जें न्यायालय विकूं देत नाहीं, तें आपण बाजारांत कसें न्यावें?

ताबा रीतसर मिळाल्यावर दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांसमक्ष सामानाची यादी करावी, छायाचित्रें घ्यावींत, यादीवर सर्वांच्या सह्या घ्याव्या आणि सामान कोरड्या जागीं ठेवावें. घेऊन जाण्यास वाजवी मुदत देऊन पुन्हा पत्र लिहावें. विल्हेवाट लावणें ती वकिलाच्या सल्ल्यानें. कागदांस विशेष जपावें. मुलांचे शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, औषधोपचाराचे कागद आपणांस रद्दी वाटतात, पण भाडेकरूच्या मुलाचा प्रवेश त्यांवांचून अडतो. धुळ्यास १९२७ मध्यें ज्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें, त्या राजवाड्यांनीं घरोघरच्या जुन्या दप्तरांतूनच इतिहासाचीं साधनें जमविलीं. कागदाची किंमत या प्रांतास निराळी सांगावयास नको.

पुढील भाडेकरूशीं करार करतांना मागें राहिलेल्या सामानाचें किती दिवसांनीं व काय करावयाचें, हें कलम वकिलाकडून अवश्य घालून घ्यावें, आणि त्याच्या गांवचा पत्ता व एका नातलगाचें नांव टिपून ठेवावें. दाव्याचा निकाल लागेपर्यंत आत्याबाईंच्या हातखर्चांत जी तूट येईल, ती मात्र घरांतल्या कमावत्या मंडळींनीं आपसांत वांटून घ्यावी. भाडेकरूच्या बुडवेगिरीचा भार घरांतल्या सर्वांत दुबळ्या माणसावर पडूं देऊं नये.